कोरड्या भिंतीची बातमी

शुक्रवार, २२ एप्रिल २०१६. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी माझ्या राहत्या घरातली एक भिंत पडली. जीवितहानी नाही. भिंतीबरोबर समोरच्या गुरम्माचं नऊशे लिटर पाणी गेलं. गुरम्माच्या नातीचं लग्न रविवारी होतं.

एकवीस वर्षं मी लातूरच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतो, रोज संध्याकाळी सहाच्या आत. अशी घटना दुसऱ्या कुणाच्या घरी घडली असती, तर एवढ्या चार ओळींत संपवून मी चहाला गेलो असतो. कोण, काय, कुठं, कधी हे सांगून झालं. राहिलं 'का'. बातमीत 'का'ला फारशी जागा नसते आणि आजवर मला ती मोठी सोय वाटत आली. गावाचं नाव तेवढं देत नाही. लातूर जिल्ह्याच्या टोकाला, नांदेडच्या हद्दीला चिकटलेलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. त्या उन्हाळ्यात गावानं पुष्कळ सोसलं होतं, त्यात माझी भर नको.

भिंत हवी होती ती नव्या जिल्ह्यासाठी.

आमचं गाव जिल्हा होणार हे दर वर्षी दोनदा ठरतं. एकदा सव्वीस जानेवारीच्या आधी, एकदा पंधरा ऑगस्टच्या आधी. यंदा एक मे हा तिसरा मुहूर्त निघाला. 'एक मे रोजी नव्या जिल्ह्याची घोषणा शक्य, विश्वसनीय सूत्रांची माहिती' ही बातमी माझीच. विश्वसनीय सूत्र म्हणजे आमचे शेजारी ईश्वरप्पा, नगरपालिकेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालेले लिपिक. पुढं कळलं की ईश्वरप्पांना ही माहिती कटिंगच्या दुकानात मिळाली होती आणि दुकानदारानं ती माझ्याच जानेवारीतल्या बातमीत वाचली होती. म्हणजे माझीच बातमी दाढी करून, पावडर लावून माझ्याकडं परत आली आणि मी तिला ओळखलं नाही.

छापून आल्यावर मात्र माझा तिच्यावर विश्वास बसला. जिल्हा झाला की कलेक्टर येणार, मागोमाग चाळीस खाती येणार, खात्यांचे साहेब येणार आणि साहेबांना राहायला खोल्या लागणार. आमची बैठक अठरा फूट लांब. मधे एक भिंत आणि भिंतीत एक दार घातलं, की मागं एका साहेबापुरती खोली निघत होती. मी मनातल्या मनात त्या साहेबाला खातंही देऊन टाकलं होतं, पुरवठा.

"आधी जिल्हा तर होऊ द्या," असं सिंधु, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली.

"तोवर खोल्या शिल्लक राहतील का?" मी म्हणालो. गावात आणखी किती जणांनी माझी बातमी वाचून बैठकीला भिंती घातल्या, याची आकडेवारी माझ्याकडं नाही.

विटांची भिंत शक्य नव्हती. तिला आठ-दहा दिवस पाणी मारावं लागतं, आणि आमच्या नळाला पाणी येऊन महिना होत आला होता. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची तयारी चालली होती. आमच्याकडं टँकर यायचा, म्हणजे आला तर यायचा. नगरपालिकेनं बांधकामाला पाणी वापरायची बंदी केली होती आणि गवंडी झाडाखाली पत्ते खेळत होते. ड्रममधलं पाणी चोरीला जात होतं म्हणून लोकांनी ड्रमला साखळ्या घातल्या होत्या. दागिने उघड्या फडताळात आणि पाणी कुलपात, असा तो उन्हाळा.

तेव्हा सटवाजी भेटला. सटवाजी मूळचा गवंडी. चार वर्षं हैदराबादेत मोठमोठ्या दुकानांची छतं आणि पार्टिशनं करून परतलेला. बुद्धविहाराच्या नव्या छताचं काम त्याच्याकडंच होतं. तो येऊन बैठक मोजून गेला. सोबत ईश्वरप्पा होतेच, कारण गल्लीत कुठंही फूटपट्टी निघाली की ते हजर असतात.

"पत्र्याची चौकट उभी करायची, दोन्ही अंगानं जिप्समचे बोर्ड मारायचे," सटवाजी म्हणाला. "सिमेंट न्हाई, रेती न्हाई, पाणी न्हाई. दोन दिवसांत भिंत तयार."

"म्हणजे कोरडी भिंत," मी म्हणालो.

"हाव. फकस्त पाण्यापासून जपायची."

यावर आम्ही सगळेच हसलो. मी, सिंधु, ईश्वरप्पा आणि खुद्द सटवाजीसुद्धा. पाणी! आमच्या गावात!

"यात अवघड काय आहे पण?" मी विचारलं. हा प्रश्न मी आमदारांनाही विचारत आलो आहे आणि त्यांच्याकडून मला कधी एका वाक्यात उत्तर मिळालेलं नाही.

सटवाजीनं एका वाक्यात दिलं. "भिंत उभी तर कुणी बी करतंय साहेब, पडू न देणं तेवढं आमचं काम."

हे वाक्य मला लागलं, हे आता कबूल करतो. तो म्हणाला, चौदा एप्रिलपर्यंत विहाराच्या छतातून मान वर करता येणार नाही, पंधराला येतो. मी मान हलवली. म्हणजे काम त्याला दिलं, असा तिचा अर्थ कुणीही घेतला असता. त्यानंही घेतला.

तो गेल्यावर ईश्वरप्पा म्हणाले, "पंधराला येणार, वीसला संपवणार, आणि एकला साहेब लोक दारात. अहो पत्रकार, स्क्रूच तर पिळायचेत! तुमच्यासारख्या माणसाला काय कठीण हाय?"

इथं ईश्वरप्पांचं आणि माझं प्रकरण सांगायला हवं. फेब्रुवारीत त्यांनी दोन बादल्या पाण्यानं स्कूटर धुतली आणि मी ते छापलं. 'भीषण टंचाईत पाण्याची उधळपट्टी' या मथळ्याखाली पूर्ण नाव, वडिलांचं नाव गुरुबसप्पा, आडनाव, वय आणि स्कूटरचा फोटो. पत्रकारितेत शेजार-पाजार बघायचा नसतो. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि नवव्या दिवसापासून फार गोड बोलू लागले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तर मी भिंत स्वतः घालायचं ठरवलं. सटवाजीला निरोप द्यायचा राहून गेला. 'राहून गेला' हे क्रियापद आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतं.

मोबाईलवर एक चित्रफीत सापडली. तिच्यात एक गोरा माणूस शिट्टी वाजवत अकरा मिनिटांत भिंत घालतो आणि शेवटी तिला टेकून उभा राहतो. मी ती सात वेळा पाहिली. सिंधुनं एकदा पाहिली आणि म्हणाली, "त्याच्या घरात पाण्याचे ड्रम न्हाईत, बघा." मी ते टाचण म्हणून लिहून घ्यायला हवं होतं.

मग परवानगी. नसती घेतली तरी कुणी विचारलं नसतं, पण बेकायदा बांधकामांवर माझी पाच भागांची लेखमाला छापून आलेली. नगरपालिकेतल्या बाबूंनी अर्ज वाचला.

"बांधकाम का दुरुस्ती?"

"भिंत घालायचीय."

"म्हणजे बांधकाम. बांधकामाला बंदी हाय."

"बंदी पाण्याला आहे. ह्या भिंतीला पाणीच लागत नाही."

"बिनपाण्याचं बांधकाम आमच्या नमुन्यात न्हाई, साहेब."

दोन दिवस फाईल याच एका वाक्यावर बसून राहिली. शेवटी ईश्वरप्पांनी जुन्या ओळखीनं तोड काढली. मी शंभराच्या मुद्रांकावर हमीपत्र लिहून दिलं, की सदर भिंतीच्या कामी पाण्याचा एक थेंबही वापरणार नाही व तसे निदर्शनास आल्यास होणाऱ्या कारवाईस मी स्वतः जबाबदार राहीन. मसुदा ईश्वरप्पांचा. 'एक थेंबही' हे शब्द त्यांनी खास घातले. मला ते वाचताना अभिमान वाटला.

बोर्ड आणायला नांदेडला गेलो. दुकानदारानं विचारलं, "पार्टिशनला पायजे का सीलिंगला?"

माहीत नाही, असं म्हणायची मला सवय नाही. "दोन्हीला चालेल असा द्या," मी म्हणालो.

"तसा नसतो."

"मग हलका द्या."

त्यानं हलका दिला. म्हणजे छताचा. छताच्या बोर्डाला वर लटकायचं असतं, कुणाला धरून ठेवायचं नसतं, हे ज्ञान मला बावीस तारखेला झालं. टेम्पोत मुखेडच्या अलीकडं दोन बोर्डांचे कोपरे गेले. ते कोपरे खालच्या बाजूला घ्यायचे, म्हणजे दिसणार नाहीत, हा विचार माझाच.

पुढच्या तीन दिवसांचा वृत्तांत थोडक्यात देतो. तपशील दिले तर सटवाजीच्या वाचण्यात येतील. चौकटीच्या उभ्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर हव्यात. मी तीनवर घेतल्या, कारण मग एक पट्टी वाचते आणि दिसायला मोकळं दिसतं. खालची पट्टी फरशीला खिळवायची असते. शहाबादी फरशी तडकेल म्हणून मी ती नुसती चिकटवली. बोर्ड जमिनीपासून बोटभर वर धरतात. त्या गोऱ्यानंही धरला होता. मला तो त्याचा गलथानपणा वाटला. मी माझे बोर्ड फरशीवर घट्ट टेकवले.

सांध्यांचा प्रश्न आला. सांधे भरायची पूड पाण्यात कालवावी लागते, असं पोत्यावर लिहिलेलं होतं.

"तांब्याभर पाणी लागंल," सिंधु म्हणाली. "घ्या की. कोण येतंय बघायला?"

"लिहून दिलंय मी," मी म्हणालो. "एक थेंबही."

"अहो, भिंतीसाठी दिलंय. भिंत पडावी म्हणून न्हाई दिलं."

पण मी शब्दाचा पक्का. खोक्यांना लावतात ती खाकी चिकटपट्टी मी सांध्यांवर ओढली, दोन्ही बाजूंनी, अगदी सरळ. मराठवाड्यात त्या महिन्यात कायद्याचं इतकं काटेकोर पालन दुसऱ्या कुणी केलं असेल, असं वाटत नाही.

दार आणि त्याची चौकट मात्र मला जमेना. ती सुताराकडून बसवून घेतली. हे लक्षात ठेवा.

भिंत सुंदर दिसत होती. गल्ली बघायला आली आणि प्रत्येकानं बोटानं ठोकून पाहिली. ईश्वरप्पांनी तीन ठिकाणी ठोकली. "पोकळ वाटतीय."

"जिप्सम आहे."

"तेच म्हणून राहिलो मी."

चौदा तारखेला मिरवणूक संपल्यावर सटवाजी आला. अंगावर नवा पांढरा सदरा. उद्यापासून येतो हे सांगायला आला होता. बैठकीत भिंत उभी. तो दारातच थांबला. मी काहीतरी बोललो. घाई होती, तुझी वाट बघणार होतो, असं. तो ऐकत नव्हता. खाली बसून त्यानं तळाशी अंगठा दाबून पाहिला.

"खाली फट सोडली न्हाई?"

"फट कशाला? चांगली टेकवलीय."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "ह्याला काई टेकवू नका साहेब, काई बांधू नका. उद्या मी तसाबी मोकळाच हाय. येऊन चौकट आवळून देतो. पैशाचं ऱ्हाऊ द्या."

"गरज नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्यासाठी राखलेले दोन दिवस मी असे वाया घालवले, आणि वर त्याची मदतही परत केली. एवढं बोलून मी त्याला चहाचं विचारलं. तो नको म्हणाला. ही बातमी इथंच संपली असती तरी लाज वाटायला पुरेशी होती.

गुरम्मा समोर राहते. सत्तरीच्या घरातली, मोजकंच बोलणारी. मुलगा-सून अपघातात गेल्यावर नात नीलम्मा तिनंच वाढवली. मला ती 'तम्मा' म्हणते, त्यांच्या कानडीत धाकटा भाऊ. नीलम्माचं लग्न ठरलं आणि मंगल कार्यालयवाले म्हणाले की जागा देतो, पाणी तुमचं. तेव्हा गुरम्मानं लग्न दारातच करायचं ठरवलं आणि पै-पाहुण्यांना निरोप धाडले, की आहेर नको, पाणी आणा. लोकांनी आणलं. बहिणीनं दोन घागरी, व्याह्यांनी चार कॅन, आणि बिदरकडच्या भावानं त्याच्या बोअरचं टाकीभर, पिकअपमधून. महिनाभर ती आल्या-गेल्याचं पाणी असं साठवत होती. आमच्या गल्लीत लग्नाची तयारी म्हणून साड्या दाखवतात. तिनं मला झाकण उघडून ड्रम दाखवले होते.

पाच ड्रम झाले. तिचं अंगण उघडं, कुंपण गुडघ्याएवढं, आणि मागच्या महिन्यात तिचा एक ड्रम कुणीतरी उपसून नेलेला.

"तम्मा," ती म्हणाली, "तुझ्या नव्या खोलीत ठिवू का? तुझ्या भितीला दार हाय, दाराला कुलूप हाय."

घर म्हणून, माणूस म्हणून, भिंत म्हणून इतका मान मला कधी मिळाला नव्हता. "अक्का, बँकेत ठेवल्यासारखं राहील," मी म्हणालो. कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक मी ठेवली, एक तिनं पदराच्या टोकाला बांधली.

येणाऱ्या साहेबाची खाट मी आधीच खोलीत टाकली होती, त्यामुळं पाच ड्रम शेजारी-शेजारी मावेनात. मी लोखंडी घोडा आणला. तीन ड्रम खाली, दोन वर, पाठ भिंतीला. म्हातारीला ड्रममध्ये वाकावं लागू नये म्हणून खालच्या तिघांना मी तोट्या बसवल्या, त्याही स्वतःच. वरचे दोन डुगडुगत होते, म्हणून ते तारेनं भिंतीच्या चौकटीला आवळले. पोलाद आहे, धरील. हे सगळं मी मोठ्या प्रेमानं केलं.

एक तोटी गळत होती. थेंब-थेंब. खाली वाटी ठेवली होती, पण थेंब वाटीच्या अलीकडं पडून फरशीच्या उतारानं मागं भिंतीच्या पायाशी जात होता. बोर्डानं तो वर ओढून घेतला. जमिनीला टेकलेला, कोपरा फुटलेला बोर्ड पाणी कसा पितो हे पाहायचं असेल तर कंदिलाची वात पाहा.

गुरुवारी सिंधु म्हणाली, "भिंत खालून पिवळी पडलीय. वीतभर."

"सावली आहे ती."

"दुपारी बारा वाजता?"

"अफवांवर विश्वास ठेवू नये," मी म्हणालो आणि कामाला लागलो.

शुक्रवारी तीन वाजून वीस मिनिटांनी मी बैठकीत बसून टंचाईच्या बातमीला मथळा शोधत होतो. आधी चर्रर्र असा आवाज आला. खाकी चिकटपट्टी वरून खाली सुटत होती, अगदी सरळ. मग भिंत कमरेत वाकली, पाहुण्याला नमस्कार करावा तशी, आणि माझ्याकडं आली. मी खुर्चीसह मागं सरलो. चौकट खाली आली तशी तिनं तारेनं बांधलेले वरचे दोन ड्रम बरोबर आणले. ते खालच्यांवर आपटले आणि तिन्ही तोट्या एकदम गेल्या.

आवाज फार मोठा नव्हता. त्यानंतरचा होता. पाणी उंबरा ओलांडून, तीन पायऱ्या उतरून गल्लीत गेलं. महिन्यानं गल्लीतून पाणी वाहत होतं. लोक घागरी घेऊन बाहेर आले. "टँकर आला का?" कुणीतरी ओरडलं. क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळले होते, ते मी पाहिले आहेत.

मग ते दिसलं कुठून येतंय. पाणी पांढरं होतं, जिप्सम कालवलेलं, ताकासारखं.

गुरम्मा आली. पायरीशी बसली आणि ताटलीनं पाणी भरून बादलीत टाकू लागली. बाकीच्याही बसल्या. तळहातानं, वाटीनं, पोतेऱ्यानं. पाच मिनिटांनी नीलम्मा आली. तिनं बादलीत पाहिलं. "अज्जी, ऊठ," ती म्हणाली. "ह्ये कशाच्याच कामाचं न्हाई."

गुरम्मा उठली. माझ्या बैठकीत आली. भिंत जमिनीवर होती. सुतारानं बसवलेली दाराची चौकट मात्र जागच्या जागी ताठ उभी होती, दार बंद, कडीला कुलूप. तिनं कुलूप ओढून पाहिलं.

"तम्मा, कुलूप तर लावलेलं हाय की."

"हो अक्का," मी म्हणालो.

ती पांढऱ्या पाण्यातून चालत परत गेली.

सव्वापाचला लातूरहून संपादकीय विभागाचा फोन. "तुमच्याकडं एका घरात हजार लिटर पाणी सांडल्याचं कळतंय. दुसऱ्या पेपराकडं फोटो आहे. तुमची बातमी का नाही?" मी म्हणालो, पाठवतो. सहाला पाच कमी असताना पाठवली. 'येथील एका इसमाच्या घरातील भिंत कोसळून साठवलेले पाणी वाया गेले.' इसम हा शब्द मी एकवीस वर्षांत मुख्यतः अनोळखी प्रेतांसाठी वापरला होता.

शनिवारी सकाळी ईश्वरप्पांनी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचला. "एका इसमाच्या," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसला. "दोन बादल्यांना बापाचं नाव. नऊशे लिटरला इसम." मग आत जाऊन त्यांनी दोन बादल्या भरल्या आणि माझ्या दारावरून, न हिंदकळता, गुरम्माकडं नेऊन दिल्या. एक थेंबही सांडला नाही.

तिथून सुरुवात झाली. घराघरातून कुणी घागर, कुणी हंडा. आम्ही आमचा ड्रम पूर्ण दिला. सिंधुनं विचारलंसुद्धा नाही. दुपारी सटवाजी हातगाड्यावर विहाराच्या टाकीतलं पाणी घेऊन आला. गाडा त्यानं माझ्या दारासमोर उभा केला, कारण गल्ली तिथंच रुंद आहे. आत पाहिलं नाही.

लग्न लागलं. मला बोलावणं होतं, गेलो. पंगतीत हात धुवायला गुरम्मा स्वतः तांब्या घेऊन फिरत होती. प्रत्येकाला अर्धा पेला. माझ्यापाशी आली. अर्धा पेला. कमी नाही, जास्त नाही.

सोमवारी नगरपालिकेची नोटीस आली. हमीपत्राचा भंग करून बांधकामासाठी पाणी वापरल्याचे निदर्शनास आले आहे, सबब सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा सोपा आहे, पाणी बांधकामासाठी वापरलं नसून पडझडीसाठी वापरलं गेलं. तो मी लिहिला, चार वेळा फाडला. ईश्वरप्पा मसुदा करून देतो म्हणाले. मी नको म्हणालो.

त्याच सोमवारी दुपारी गुरम्मा रिकामे ड्रम न्यायला आली. भिंतीच्या जागी भिंत नव्हती. दोन पावलं बाजूनं टाकली असती तर ती सरळ आत गेली असती. तिनं पदराची गाठ सोडली, किल्ली काढली, कुलूप उघडलं, दारातून आत गेली. नीलम्मा सासरी गेलेली, म्हणून एकेक ड्रम स्वतः लोटत दारातूनच बाहेर आणला. मी मदतीला पुढं झालो, तर हातानंच राहू दे म्हणाली. पाचवा ड्रम निघाल्यावर तिनं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली परत पदराला बांधली आणि गेली.

आज नऊ मे. जिल्हा झालेला नाही. ईश्वरप्पा आता पंधरा ऑगस्ट म्हणतात. मी छापलेलं नाही. सटवाजीकडं तीनदा जाऊन आलो. दोनदा तो कामावर होता, तिसऱ्यांदा म्हणाला, "बघतो." दाराच्या चौकटीवर सिंधु कपडे वाळत घालते. त्या बातमीची दुरुस्ती मी लातूरला पाठवली आहे. 'एका इसमाच्या' या शब्दांऐवजी 'आमचे तालुका वार्ताहर अण्णाराव नरसिंगराव हाळीकर, वय ५१, यांच्या' असे वाचावे. तिला चौदा दिवस झाले. अजून छापून आलेली नाही. जागा नाही, असं कळतं.

दुसरी किल्ली गुरम्माच्या पदराला आहे. सकाळी ती दारात झाडत होती, तेव्हा पाहिली.